उसनवारीचा धातू

(स्मृति-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक विनंती. सभागृहाचे दिवे अर्धा मिनिट घालवा. मागच्या रांगेतल्या मंडळींनी मोबाइल पालथे ठेवा. माझ्या डाव्या हातात बोटभर लांबीची एक काळपट कांडी आहे आणि उजव्या हातात हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. आता बघा.

(अंधारात ठिणग्यांचा झोत. टाळ्या.)

टाळ्या मला नकोत, त्या कांडीला द्या. सह्याद्रीत भटकणारी पोरं ही कांडी सॅकला लटकवतात आणि तिला ‘फायर स्टील’ म्हणतात. पण तुम्ही ट्रेकला गेला नसाल तरी ती तुमच्या ओळखीची आहे. चाक फिरवून पेटवायचा सिगारेटचा लायटर असतो ना, त्याच्या पोटात याच कांडीचा तांदळाएवढा तुकडा असतो. आपण त्याला ‘दगड’ म्हणतो. लायटरचा दगड संपला, दगड बदलून आणा, असं सर्रास बोलतो. तो दगड नाही. तो धातू आहे.

आणि गंमत पाहा. जुन्या चकमकीत गारगोटी कठीण आणि पोलाद मऊ. गारगोटी पोलादाचा कण खरवडायची आणि तो कण पेटायचा. इथे सगळं उलटं. पोलादाचं चाक कठीण, आणि ‘दगड’ खरवडला जातो. त्याचा कण हवेत शिरतो आणि जळतो. तुम्ही आत्ता जे पाहिलंत ते दगडाचं घर्षण नव्हतं, ते धातूचं ज्वलन होतं. (जाता जाता, स्वयंपाकघरातला ‘टक्’ वाजणारा गॅस लायटर यात धरू नका. त्याच्यात बहुधा दाबला की वीज देणारा स्फटिक असतो. तो वेगळ्या जातीचा.)

हा जो पेटतो त्याचं नाव सिरियम.

निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला, सिरियम. पलीकडून प्रश्न आला, ‘सीरियल का सर? मालिकांवर बोलणार?’ मी म्हटलं, नाही हो, धातूवर. ते म्हणाले, ‘मग जरा सोपं बोला.’ ही सूचना मी मनावर घेतली आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते शाळेत रसायन शिकवायचे, आणि सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी वस्तू बाकावर ठेवायचे. म्हणून आधी कांडी दाखवली. आता सांगतो.

सांगायचे मुद्दे तीन. एक, हा ‘दुर्मीळ’ धातू दुर्मीळ नाही. दोन, याचे बरेचसे गुण आणि बरेचसे उपयोग एका इलेक्ट्रॉनच्या चंचलपणातून येतात. तीन, हा धातू जगाने कधी मुद्दाम मागितला असं क्वचितच झालं. दुसरं काहीतरी हवं होतं, हा उरला. क्रम मी पाळीनच असं नाही. वयाचा तेवढा फायदा घेऊ द्या.

आधी नावाचा घोळ मिटवू. सिरियम ज्या कुटुंबातला, त्याला इंग्रजीत रेअर अर्थ म्हणतात. मराठीत कुणी विरल मृदा म्हणतं, कुणी दुर्मीळ मृदा. दोन्ही शब्द फसवे. मृदा म्हणजे शेतातली माती नव्हे. अठराव्या शतकातले रसायनज्ञ, जो पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि भट्टीत घातला तरी बदलत नाही, त्याला ‘अर्थ’ म्हणत. आपण आज त्याला धातूचं ऑक्साइड म्हणतो. शब्द जुना राहिला, समज पुढे गेली.

आणि दुर्मीळ? पृथ्वीच्या कवचातला सरासरी एक टन खडक घेतला, तर त्यात सिरियम निघेल साधारण ६० ग्रॅम. तांबं? तेही जवळपास तेवढंच. शिसं त्याच्या पावपट. कथील तर एखाद-दोन ग्रॅमच्या घरात. आमच्या लहानपणी कल्हईवाला आळीत यायचा, भाता मारायचा आणि परातीत कथलाची काडी फिरवून पांढरा लखलखाट करून जायचा. कथील दुर्मीळ आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग ज्याचा साठा कथलाच्या कितीतरी पट, तो दुर्मीळ कसा?

तर दुर्मीळ होतं ते याला ओळखणं. स्वीडनमध्ये बास्टनेस नावाची खाण आहे. तिथे एक जडशीळ, लालसर खनिज निघायचं. खाण ज्या घराण्याची, त्या घरातला विल्हेल्म हिसिंगर पंधरा वर्षांचा असताना त्याने त्या खनिजाचा तुकडा कार्ल शेले या नामांकित रसायनज्ञाकडे पाठवला. शेले म्हणजे ऑक्सिजन शोधणाऱ्यांपैकी एक. त्याने तपासलं आणि सांगितलं, यात नवीन काही नाही. मुलगा गप्प बसला, पण विसरला नाही. पुढे १८०३ साली त्याने योन्स बर्झेलियस या तरुण रसायनज्ञाला हाताशी धरलं आणि दोघांनी त्याच खनिजातून नवं ऑक्साइड काढून दाखवलं. त्याच वर्षी जर्मनीत क्लापरोट हा रसायनज्ञही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. मोठमोठे जाणकारही चुकतात, आणि पंधरा वर्षांचं पोर कधी कधी बरोबर असतं. इथे बसलेल्या शिक्षकांनी ही गोष्ट घरी न्यावी.

नाव काय ठेवायचं? दोनच वर्षांपूर्वी, १ जानेवारी १८०१ ला, पिआत्सी या इटालियन खगोलज्ञाने मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान एक नवी ज्योत टिपली होती. तिचं नाव सेरीस. तिच्यावरून सिरियम. सेरीस ही रोमन लोकांची धान्याची देवता, आपल्याकडची अन्नपूर्णाच म्हणा ना. म्हणजे फोनवरचे गृहस्थ तसे फार चुकले नव्हते. टीव्हीवरच्या सीरियलचं सोडा, पण सकाळी दुधात घालून खायचं सीरियल याच देवतेच्या नावावरून आलं आहे. हे धान्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बरं, नाव ठेवलं म्हणून धातू हाती आला का? नाही. बर्झेलियसला वाटलं एक मूलद्रव्य मिळालं. प्रत्यक्षात ती अख्खी बिऱ्हाडं एका खोलीत कोंबलेली होती. त्याचा शिष्य मोझांडर याने १८३९ मध्ये त्यातून लँथॅनम वेगळा काढला. त्या नावाचा ग्रीक अर्थच ‘लपून बसलेला’. पाठोपाठ त्याने ‘डिडिमियम’ काढला, म्हणजे ‘जुळा’. तो तर खरोखरच जुळा निघाला. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याने त्याचे दोन तुकडे पाडले, प्रेझिओडिमियम आणि निओडिमियम. हा आउअर आजच्या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र आहे. त्याला जरा विंगेत उभं ठेवू.

ही भावंडं वेगळी करणं इतकं अवघड का? कारण सगळ्यांचा बाहेरचा चेहरा सारखा. गुण सारखे, क्षार सारखे, विरघळण्यातला फरक केसाएवढा. अमेरिकेत चार्ल्स जेम्स याने थुलियम शुद्ध करताना १९११ च्या सुमारास स्फटिक बनवायचे, विरघळवायचे, पुन्हा बनवायचे हा उद्योग सुमारे १५,००० वेळा केला. तेवढ्या वेळा कुणी जपमाळ ओढली तर आपण त्याच्या पाया पडतो.

पण सिरियमसाठी हे पारायण करावं लागत नाही. का? इथे आपण दुसऱ्या मुद्द्यावर आलो, आणि आजच्या संध्याकाळचा गाभा हाच आहे.

सिरियमचा अणुक्रमांक ५८. म्हणजे अणूत ५८ इलेक्ट्रॉन. त्यातले ५४ अगदी झेनॉन वायूत असतात तसे घट्ट मांडी घालून बसलेले. ती घरातली वडीलधारी मंडळी, जागची हलत नाहीत. उरले चार. त्यांतले तिघे फिरस्ते. कुणी ऑक्सिजन भेटला, कुणी क्लोरीन भेटला, की हे तिघे निघाले. या कुटुंबातल्या जवळजवळ सगळ्या धातूंचा हाच रिवाज, तिघांना सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. सिरियमचं दार मात्र लागत नाही. त्याचा चौथा इलेक्ट्रॉन उंबरठ्यावर उभा असतो. एक पाय आत, एक पाय बाहेर. परिस्थिती पाहील आणि जाईल. परिस्थिती पालटली की परत येईल.

तो घरात असला की सिरियमचं द्रावण पाण्यासारखं रंगहीन. तो गेला की तेच द्रावण पिवळं, नारिंगी. बी.एस्सी.ला ज्यांनी सेरिक सल्फेटचं टायट्रेशन केलं असेल त्यांना तो पिवळा आठवेल, आणि ब्युरेटची गळणारी तोटीही आठवेल. वेगळं काढायची युक्तीही यातच आहे. चौथा बाहेर घालवला की सिरियमची आम्लाशी सोयरीक पालटते. भावंडं द्रावणात राहतात आणि हा आधीच साक्यासारखा तळाला बसतो. गाळून घेतला की झालं.

इलेक्ट्रॉन देणं आणि परत घेणं. देणं आणि घेणं. मी याला उसनवारी म्हणतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि रेशन आलं की परत करायची. अख्खी चाळ त्यावर चालायची. सिरियम चाळीतला तो शेजारी आहे.

ही उसनवारी डोळ्यांनी दिसते का? दिसते. १९५१ मध्ये रशियात बोरिस बेलौसोव नावाचा रसायनज्ञ आपल्या पेशींत लिंबूवर्गीय आम्लाचं ज्वलन कसं चालतं त्याची नक्कल काचेच्या भांड्यात करत होता. त्याने सायट्रिक आम्ल घेतलं, पोटॅशियम ब्रोमेट घेतलं, सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि उत्प्रेरक म्हणून चिमूटभर सिरियम. द्रावण पिवळं होतं, ते रंगहीन झालं. ठीक. मग ते पुन्हा पिवळं झालं. मग रंगहीन. मग पिवळं. नाडीसारखं, आपलं आपण. भांड्याला कुणी हात लावत नाही, ढवळत नाही, आणि रंग येतो, जातो, येतो. बेलौसोवने लेख पाठवला. संपादकांचा निर्वाळा आला की हे शक्यच नाही. रासायनिक क्रिया एका दिशेने जाते, घड्याळाच्या लंबकासारखी झुलत नाही! बिचाऱ्याने १९५९ मध्ये एका आडबाजूच्या संकलनात दोन-तीन पानं छापून घेतली आणि त्या विषयाचा नाद सोडला. झाबोतिन्स्की या तरुणाने पुढे ते काम हाती घेतलं, क्रिया जगभर गाजली, आणि १९८० मध्ये बेलौसोवला लेनिन पारितोषिक मिळालं. तो वारला होता १९७० मध्ये. संपादक मंडळींवर मी अधिक बोलत नाही. हे व्याख्यान छापायचं आहे.

आता रस्त्यावर या. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि पंपावर ‘अनलेडेड’ अशी पाटी दिसू लागली. कन्व्हर्टर म्हणजे काय? धुराच्या नळीत बसवलेला चिनी मातीसारखा ठोकळा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आरपार भोकांचा. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा सूक्ष्म थर. सगळं श्रेय ही महागडी मंडळी घेऊन जातात. पण त्यांच्यापुढे एक अडचण असते. विषारी कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन हवा, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायला तो नको. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, सोडता, सिग्नलला थांबता. प्रत्येक वेळी धुरातला ऑक्सिजन कमी-जास्त होतो. त्याचा तोल कोण सांभाळणार?

उसनवारीवाला. त्या थरात सिरियमचं ऑक्साइड मिसळलेलं असतं. धुरात ऑक्सिजन कमी पडला की सिरियम आपल्या पदरचा देतो आणि चौथा इलेक्ट्रॉन घरात घेतो. ऑक्सिजन वाढला की तो साठवतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर सोडतो. हे सेकंदा-सेकंदाला चालू असतं. दादरच्या पुलावर तुम्ही तासभर अडकून पडता तेव्हा तुमच्या पायाखाली हा व्यवहार बिनबोभाट चाललेला असतो. आता तर स्कूटरच्या सायलेन्सरमध्येही असा कन्व्हर्टर असतो.

एक उपयोग मी स्वतःच्या हाताने अनुभवला आहे, त्यावर जरा रेंगाळतो. पुण्याला आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत हौशी आकाशनिरीक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन निवृत्तीनंतर मी घरच्या गॅलरीत सहा इंची आरसा घासायला बसलो. काचेच्या दोन जाड चकत्या. एक खाली, एक वर, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. पुढे-मागे, पुढे-मागे, पिंपाभोवती फिरत. वरची चकती हळूहळू खोलगट होते. महिनाभर हा दळणकांडणाचा कार्यक्रम. शेवटी काच खोलगट झाली, पण धुरकट, बाथरूमच्या खिडकीसारखी. पत्नी म्हणाली, ‘यातून चंद्र दिसणार?’

मग डांबरासारख्या पिचचा थर दिलेली चकती घ्यायची आणि तिच्यावर सिरियम ऑक्साइड. रंग फिका, गुलाबी-तपकिरी, थेट मुलतानी मातीसारखा. पाण्यात कालवून दाट ताकाएवढं करायचं. पहिल्या दहा मिनिटांत काहीच होत नाही. अर्ध्या तासाने पुसून पाहिलं तर मधोमध रुपयाएवढी जागा लखलखीत. दोन-तीन दिवसांत पूर्ण आरसा. मला वाटलं, ही भुकटी फार बारीक असेल, म्हणून ओरखडा दिसत नाही. तसं नाही. ती नुसती घासत नाही. काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जाळी. पाण्याच्या साहाय्याने सिरियम त्या ऑक्सिजनचा हात धरतो, आणि चकती पुढे सरकली की पृष्ठभागावरचा तो कण आपल्याबरोबर ओढून नेतो. खरवडून नव्हे, हाताला धरून. जुन्या काळी हे काम लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडने करत. ते होतं, पण हळू, आणि लुंगीपासून बादलीपर्यंत सगळं तांबडं. चष्म्याच्या काचा, कॅमेऱ्याची भिंगं, फोनचा पडदा, गुळगुळीत काच जिथे जिथे दिसते तिथे ही भुकटी फिरून गेलेली असण्याची शक्यता मोठी.

कोल्हापूरकर कुणी आहेत का सभागृहात? आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीत ज्याला ‘एसजी’ म्हणतात, त्या बिडाचा जन्म सिरियमने पाहिला आहे. साध्या बिडात ग्रॅफाइटच्या चपट्या पापुद्र्या असतात, त्यांच्या कडेपासून तडा जातो. १९४८ मध्ये इंग्लंडच्या मोरो या धातुतज्ज्ञाने दाखवलं की चिमूटभर सिरियम घातला तर पापुद्र्यांचे गोल मणी होतात आणि बीड चिवट बनतं. पुढे मॅग्नेशियम स्वस्त पडलं आणि मुख्य काम त्याच्याकडे गेलं. सिरियम थोडासा, बाधा उतरवणाऱ्या मिरच्यांसारखा, राहिलाच.

आणि हो, एकोणिसाव्या शतकात हा औषधातही होता. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन, क्लोरोफॉर्मवाले, यांनी १८५४ मध्ये गरोदरपणातल्या ओकाऱ्यांवर सिरियम ऑक्झॅलेट सुचवलं आणि ते बरीच वर्षं चाललं. तुम्ही आता घरी जाऊन प्रयोग करू नका.

आता तिसरा मुद्दा. आउअरसाहेब, या रंगमंचावर.

आमच्या गावात वीज आली तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी घरात उजेड कंदिलाचा, म्हणजे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचा. लग्न, कीर्तन, तमाशा असेल तरच गॅसबत्ती. बत्ती लावणारा माणूस म्हणजे आमच्या लेखी इंजिनिअर. तो पाकिटातून पांढऱ्या सुताची छोटी पिशवी काढायचा, म्हणजे मँटल. दोऱ्याने बांधायचा, खाली स्पिरिट पेटवायचा आणि पंप मारायचा. सूत भुरुभुरु जळायचं आणि पिशवीच्या आकाराची पांढरी राख लटकत राहायची. मग फस्स करून ती राखच उजळायची, डोळे दिपतील अशी. एकदा मामाच्या लग्नात, बत्ती थंड असताना, मी त्या राखेला बोट लावलं. तिचा चुरा झाला, आणि थोरल्या मामांनी पाठीत असा धपाटा घातला की वरातीत मी मागे चाललो.

ती राख म्हणजे आउअरची करामत. सूत थोरियम आणि सिरियम यांच्या नायट्रेटमध्ये भिजवायचं. सूत जळतं, ऑक्साइडचा सांगाडा उरतो, तो ज्योतीत तापून प्रकाशतो. त्याचं पहिलं मिश्रण वेगळं होतं. १८८५ च्या त्या मँटलचा उजेड हिरवट पडायचा, लोकांना आवडला नाही आणि कारखाना बुडाला. १८९१ मध्ये त्याला खरं प्रमाण सापडलं. थोरियम ९९ भाग, सिरियम १ भाग. नुसतं थोरियम घेतलं तर उजेड क्षीण. सिरियम वाढवला तर तांबूस आणि मंद. शंभरात एक भाग! भाजीतलं मीठ. तेवढ्या मिठावर युरोपातल्या शहरांचे रस्ते उजळले.

पण थोरियम आणायचं कुठून? मोनाझाइट नावाच्या वाळूतून. ती यायची ब्राझीलहून, आणि व्यापार जर्मन कंपन्यांच्या मुठीत. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली पिवळसर वाळू दिसली. काथ्या म्हणजे आपला नारळाचा काथ्या, दोऱ्या वळायचा. वाळू मोनाझाइट निघाली. पाठोपाठ मनवलकुरिची आणि चवरा इथे वाळू उपसण्याचे कारखाने उभे राहिले. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची. मोनाझाइटचं घबाड दक्षिणेला. तर ती वाळू गेली बोटीने युरोपात, आणि तिचेच मँटल होऊन मग आपल्याकडे बत्त्यांत लटकले. कापूस बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. वाळूचीही तीच होती.

आता हिशेब करा. मोनाझाइटमध्ये थोरियम दहा टक्क्यांच्या आसपास. आणि त्यातल्या विरल मृदांमध्ये निम्मा सिरियम. मँटलला सिरियम लागतो शंभरात एक! मग बाकीचा? ढीग. कारखान्याच्या मागे ढीग. आउअर त्या ढिगाकडे पाहत बसणारा माणूस नव्हता. त्याने ही सगळी भावंडं एकत्रच वितळवली, त्यात तीस टक्क्यांच्या आसपास लोखंड घातलं, कारण नुसता सिरियम मऊ असतो, आणि १९०३ मध्ये त्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. मघाशी मी ओढली ती कांडी तीच. पाखडून उरलेल्या कोंड्यातून ठिणगी.

पुढे वीज आली, मँटल मागे पडले, आणि थोरियमकडे जग वेगळ्या नजरेने पाहू लागलं. होमी भाभांना त्यात अणुऊर्जा दिसली. १८ ऑगस्ट १९५० ला इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली, केरळात आलुव्याला कारखाना निघाला. सिद्धिविनायकाला जाताना प्रभादेवीत त्या कंपनीच्या कार्यालयावरून तुम्ही कितीदा गेला असाल. या वेळीही हवं होतं ते थोरियम. सिरियम? उरला.

आणि आता निओडिमियमचे दिवस आहेत. विजेवरची गाडी, पवनचक्की, कानातला इअरफोन, सगळीकडे त्याचं चुंबक. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात विरल मृदांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि वर्तमानपत्रांनी हा शब्द पहिल्या पानावर नेला. त्या सातांत सिरियम नव्हता. कोण कशाला अडवेल? खनिजातून एक किलो निओडिमियम काढायचा तर सोबत अडीच ते चार किलो सिरियम निघतोच. सव्वाशे वर्षं झाली, दर पिढीला त्या वाळूतून वेगळं काही हवं असतं, आणि दर पिढीला हा उरतो. माझं मत विचाराल तर आपल्या रसायनज्ञांपुढचं खरं काम चुंबकाइतकंच या ढिगाचंही आहे. चुंबक स्वस्त व्हायचं तर उरलेल्याला गिऱ्हाईक सापडलं पाहिजे.

एक गिऱ्हाईक मात्र तुमच्या डोक्यावर आहे. आता सभागृहाचे दिवे एलईडी आहेत. घरी गेल्यावर बंद एलईडीची टिकली जवळून पाहा, हळदीसारखा पिवळा लेप दिसेल. आतला दिवा खरं तर निळा प्रकाश देतो. लेप असतो यट्रियम-ॲल्युमिनियमच्या गार्नेटचा, त्यात किंचित सिरियम. निळा प्रकाश पडला की तोच आपला चौथा इलेक्ट्रॉन, या वेळी घराबाहेर न जाता, माडीवर चढतो आणि खाली उतरताना पिवळा प्रकाश टाकतो. निळा आणि पिवळा मिळून पांढरा. जपानमध्ये १९९६ मध्ये असे दिवे बाजारात आले. मामाच्या वरातीत जो होता तोच या सभागृहात आहे, तेव्हाही चिमूटभर, आताही चिमूटभर.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. प्रिमो लेव्ही हा इटलीतल्या तुरीन शहराचा ज्यू रसायनज्ञ. १९४४ मध्ये त्याला ऑशविट्झच्या छळछावणीत आणलं. तिथल्या रबराच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला काम लागलं. भुकेलेला माणूस जे दिसेल ते चोरतो. त्याला फळीवर लेबल नसलेली एक बरणी दिसली. तिच्यात करड्या रंगाच्या, कठीण, बेचव छोट्या कांड्या. त्याने त्या खिशात घातल्या आणि चाकूने खरवडून पाहिलं. ठिणगी उडाली. रसायनज्ञ होता, ओळखलं. सिरियम.

छावणीत चोरून लायटर बनवणारे होते, त्यांना दगड हवे असत. एका दगडाची किंमत एका दिवसाची भाकरी. अडचण एकच, कांड्या जाड होत्या. लेव्ही आणि त्याचा मित्र अल्बर्टो रात्री पांघरुणाखाली, चाकूने, अंदाजाने, त्या तासत बसले. ठिणगी पडून गवताची गादी पेटली असती तर संपलं. गादी पेटली नाही. चाळीस कांड्यांचे एकशे वीस दगड झाले. दोघांना दोन-दोन महिन्यांची भाकरी. १९७५ च्या ‘द पीरिऑडिक टेबल’ या पुस्तकात लेव्हीने हे लिहून ठेवलं आहे. त्या प्रकरणाचं नाव फक्त ‘सिरियम’. धान्याच्या देवतेचं नाव मिळालेला धातू, आणि त्याची भाकरी झाली. लेव्ही वाचला. अल्बर्टोला जानेवारी १९४५ मध्ये बाकीच्या कैद्यांबरोबर बर्फातून चालवत नेलं. तो परत आला नाही.

माझ्या पिशवीत अजून तीन कांड्या आहेत. ज्यांना स्वतःच्या हाताने ओढून पाहायची असेल त्यांनी पुढे यावं. लहान मुलांना आधी येऊ द्या, आणि पडद्यापासून जरा लांब उभे राहा.